बेचाळीसपैकी एकोणचाळीस : पॉप्लरच्या एका निकालाची गोष्ट



निवडणुकीचा निकाल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आकडे येतात. कुणाच्या किती जागा आल्या, कुणाचं डिपॉझिट गेलं, महापौर कोण होणार. गुलाल उधळला जातो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तक्ता छापून येतो आणि विषय संपतो. आज मी तुमच्यापुढे असा एक निकाल ठेवणार आहे, ज्याचा खरा अर्थ कळायला पुढची पाच-सहा वर्षं लागली. हा निकाल संसदेचा नाही, साध्या स्थानिक निवडणुकीचा आहे. लंडन शहराच्या पूर्वेकडच्या एका गरीब बरोचा. त्या बरोचं नाव पॉप्लर, आणि तारीख १ नोव्हेंबर १९१९.

आधी बरो म्हणजे काय ते सांगतो. १८९९ साली एक कायदा झाला आणि लंडनचे २८ महानगरी बरो पाडण्यात आले. प्रत्येकाची स्वतंत्र परिषद, स्वतंत्र महापौर, स्वतंत्र जमाखर्च. सगळ्या लंडनची म्हणून वर आणखी एक संस्था होती, लंडन काउंटी कौन्सिल. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच शहरात २८ छोट्या नगरपालिका आणि त्यांच्या डोक्यावर एक मोठी. दर तीन वर्षांनी बरोच्या निवडणुका व्हायच्या. १९१२ साली झाल्या, मग महायुद्ध आलं, आणि त्यानंतरची निवडणूक थेट १९१९ ला झाली.

पॉप्लर हा भाग भारताला अनोळखी नाही बरं का. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून निघायची ते ब्लॅकवॉल इथलंच. ईस्ट इंडिया डॉक, वेस्ट इंडिया डॉक या गोद्या इथल्याच. १९३१ साली गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मोठ्या हॉटेलात न उतरता बो भागातल्या किंग्जली हॉलमध्ये राहिले, तो बो भागसुद्धा याच बरोत. १९२१ च्या शिरगणतीत पॉप्लरची वस्ती होती सुमारे १ लाख ६० हजार. बहुतेक सगळे हातावर पोट असलेले. गोदीत काम मिळायचं ते रोजच्या रोज. सकाळी दरवाजाशी घोळका करून उभं राहायचं, मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवसाचं काम, बाकीच्यांनी घरी जायचं.

आता निकालाकडे येऊ. परिषदेत ४२ जागा. युद्धाआधी मजूर पक्ष तिथे अल्पमतात होता. १९१९ ला त्याने ४२ पैकी ३९ जागा जिंकल्या. व्यापारी आणि घरमालकांची बाजू मांडणाऱ्यांच्या वाट्याला उरल्या तीन. जॉर्ज लॅन्सबरी पॉप्लरचे पहिले मजूर महापौर झाले. निवडून आलेले लोक कोण होते? रेल्वेवाले, गोदी कामगार, गाडीवानांच्या संघटनेतले, साधे मजूर. आणि काही स्त्रियाही.

असं का झालं? लोकांचं मन एकदम बदललं का? थोडं बदललंही असेल, युद्धाने बरंच काही हलवलं होतं. पण त्याहून मोठं कारण होतं मतदारयादी. पूर्वी इंग्लंडमध्ये एक नियम होता, की ज्याने गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली त्याचा मतदानाचा हक्क जायचा. म्हणजे बघा, वर्षातून दोन-तीन महिने काम मिळालं नाही, घरात चूल पेटेना, म्हणून तुम्ही मदत मागितली की तुम्ही नागरिक म्हणून यादीतून बाद. पॉप्लरसारख्या ठिकाणी हा नियम किती घरांना लागू पडत असेल, विचार करा. १९१८ च्या कायद्याने हा नियम काढून टाकला. त्याच कायद्याने तीस वर्षांवरच्या विवाहित स्त्रियांना नवऱ्याच्या नावावर घर असलं तरी स्थानिक निवडणुकीत मत मिळालं. म्हणजे १९१९ चा निकाल हा मतदार बदलल्याचा निकाल होता. जे आजवर दाराबाहेर उभे होते ते आत आले.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, नाहीतर गोष्ट फारच गोड होईल. त्या वर्षी लंडनभरच्या बरो निवडणुकांत सरासरी एक तृतीयांश मतदारांनीही मतदान केलं नव्हतं. तेव्हा ४२ पैकी ३९ म्हणजे अख्खं गाव मागे उभं राहिलं असं लगेच म्हणता येत नाही. जागांचा आकडा मोठा दिसतो, त्यामागची मतं नेहमी तेवढी नसतात. पॉप्लरच्या मागे गाव खरंच उभं होतं की नाही, याची परीक्षा पुढे झाली.

सत्ता आल्यावर या मंडळींनी काय केलं? कामं केली. घरं बांधायला घेतली, रस्ते नीट केले, क्षयरोग्यांची सोय केली, गरोदर बायकांना आणि तान्ह्या मुलांना दूध देण्याची योजना वाढवली. आणि १९२० मध्ये एक ठराव केला, जो त्या काळात अनेकांना वेडेपणा वाटला. परिषदेच्या प्रत्येक प्रौढ कामगाराला आठवड्याला किमान चार पौंड पगार. पुरुष असो की बाई, तेवढाच. समान कामाला समान वेतन यावर आपण आज भाषणं करतो. पॉप्लरने ते शंभर वर्षांपूर्वी पगारपत्रकात लिहिलं.

पण पैसे कुठून आणायचे? आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

बरोचं उत्पन्न म्हणजे रेट्स. आपण त्याला घरपट्टी म्हणू. प्रत्येक घराचं, दुकानाचं, गोदामाचं एक करयोग्य मूल्य ठरायचं आणि त्यावर पौंडामागे अमुक पेनी असा दर लागायचा. आता पॉप्लरची आणि वेस्टमिन्स्टरची तुलना करा. वेस्टमिन्स्टर म्हणजे राजवाडा, पार्लमेंट, मोठमोठी हॉटेलं, सरदारांच्या हवेल्या. १९२१ मध्ये वेस्टमिन्स्टरची लोकसंख्या पॉप्लरपेक्षा कमीच होती. पण पौंडाला एक पेनी दर लावला तर वेस्टमिन्स्टरला पॉप्लरच्या आठ-नऊ पट पैसा मिळायचा. कारण सरळ आहे, तिथल्या मालमत्तेची किंमतच तेवढी. उलट खर्च कुणाचा जास्त? पॉप्लरचा. कारण बेकारांना मदत देण्याचा खर्चही स्थानिक घरपट्टीतूनच व्हायचा. आपल्याकडे म्हण आहे ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गरिबांच्या वस्तीने आपल्या गरिबांचा खर्च आपणच उचलायचा, असा तो हिशेब होता.

याच्यात एक आणखी बारीक पेच होता, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १८६७ पासून लंडनमध्ये एक सामायिक निधी होता. एखाद्या गरिबाला तुम्ही वर्कहाउसमध्ये, म्हणजे बंदिस्त गरीबखान्यात टाकलंत, तर त्याच्या खर्चाचा मोठा वाटा या निधीतून, म्हणजे सगळ्या लंडनकडून मिळायचा. पण त्याच माणसाला त्याच्या बायकामुलांसकट घरीच राहू देऊन हातावर चार शिलिंग ठेवले, तर तो खर्च तुमचा तुम्ही सोसा. म्हणजे माणसाचं घर मोडलं तर शहर मदत करणार, घर टिकवलं तर नाही. हा नियम कुणी दुष्टपणाने केला असं नाही. गरीबखान्याच्या भीतीने लोक मदत मागणार नाहीत, असा जुना विचार त्यामागे होता. पण १९२०–२१ च्या मंदीत गोद्या ओस पडल्या, हजारो माणसं एकदम बेकार झाली, आणि या नियमाने पॉप्लरचं कंबरडं मोडलं.

घरपट्टी वाढवायची म्हटलं तर ती भरणार कोण? तोच गोदी कामगार, भाड्यातून. न वाढवायची म्हटलं तर मदत बंद. मग १९२१ च्या मार्चमध्ये परिषदेने तिसरी वाट काढली. बरो जी घरपट्टी गोळा करायची त्यात स्वतःच्या खर्चाशिवाय चार बाहेरच्या संस्थांचे पैसे असायचे. लंडन काउंटी कौन्सिल, महानगर पोलीस, शहराची इस्पितळं चालवणारं मंडळ आणि पाणीपुरवठा मंडळ. आपल्याकडे महापालिकेच्या बिलात राज्य सरकारचा शिक्षण उपकर असतो, महापालिका तो गोळा करून वर भरते, तसाच प्रकार. पॉप्लरने ठरवलं की या चार संस्थांसाठीचे पैसे आम्ही लोकांकडून घेणारच नाही. आमच्या बेकारांना जगवायला लागतं तेवढंच घेऊ. श्रीमंत बरोंनी आमचा भार वाटून घ्यावा, मग आम्ही तुमचे पैसे देऊ.

हे बेकायदेशीर होतं का? होय, उघडउघड होतं, आणि त्यांनाही ते माहीत होतं. काउंटी कौन्सिल आणि इस्पितळ मंडळ न्यायालयात गेले. न्यायालयाने परमादेश काढला, की कायद्याने ठरलेली घरपट्टी लावा. २९ जुलै १९२१ ला नगरसेवक पॉप्लरहून स्ट्रँडवरच्या उच्च न्यायालयापर्यंत पायी निघाले. पुढे बँड, सोबत सुमारे दोन हजार लोक, आणि फलकावर लिहिलेलं की पॉप्लरची परिषद न्यायालयात निघाली आहे आणि कदाचित तुरुंगात जाईल. न्यायालयात त्यांनी माफी मागितली नाही. आदेश पाळला नाही म्हणून १ सप्टेंबरपासून अटका सुरू झाल्या. एकूण तीस नगरसेवक आत गेले. पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, पाच बायका हॉलोवेच्या तुरुंगात. त्या पाचांतल्या नेली क्रेसॉल गरोदर होत्या. सुझन लॉरेन्स एकेकाळी काउंटी कौन्सिलात पुराणमतवादी बाजूला बसत असत. शाळेत झाडलोट करणाऱ्या बायकांच्या पगाराच्या प्रश्नावरून त्यांनी ती बाजू सोडली होती.

आता मगाशी म्हटलं ती परीक्षा. गाव मागे होतं का? तुरुंगाबाहेर रोज गर्दी जमायची, लॅन्सबरी खिडकीच्या गजांमागून त्या गर्दीशी बोलायचे. शेजारच्या स्टेप्नी आणि बेथ्नल ग्रीन या बरोंनीही पॉप्लरच्या मार्गाने जाण्याची तयारी दाखवली. आणि सरकारपुढे चमत्कारिक अडचण उभी राहिली. परिषद बरखास्त झालेली नव्हती, नगरसेवक कायद्याने नगरसेवकच होते, मग बरोचा कारभार चालवायचा कुणी? शेवटी परिषदेच्या सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगात भरायला लागल्या, आणि त्यासाठी हॉलोवेहून बायकांना गाडीत घालून आणलं जाऊ लागलं. सहा आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला, आत असलेल्या सगळ्यांना सोडण्यात आलं. न्यायालयाचा आदेश त्यांनी तोपर्यंतही पाळलेला नव्हता. नोव्हेंबरमध्ये संसदेने नवा कायदा केला. घरी राहणाऱ्या गरिबांना दिलेल्या मदतीचा खर्चही, ठरावीक मर्यादेपर्यंत, आता सामायिक निधीतून मिळणार होता. पन्नासहून जास्त वर्षं जुना पेच सुटला.

याच सुमारास लंडनमध्ये एक मराठी विद्यार्थी होता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये परतले होते. १९२१ च्या जूनमध्ये त्यांना एम.एस्सी. मिळाली ती ब्रिटिश हिंदुस्थानातल्या साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचं प्रांतिक विकेंद्रीकरण या विषयावर. ज्या न्यायालयापर्यंत पॉप्लरचे नगरसेवक चालत आले ते त्या संस्थेपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर. त्यांनी ती मिरवणूक पाहिली असं मी म्हणत नाही. मला दाखवायचंय ते एवढंच, की कर कोण गोळा करतो, खर्च कुणाच्या डोक्यावर पडतो, आणि वरची सरकारं खालच्यांवर किती ओझं टाकतात, हे प्रश्न एकाच वेळी रस्त्यावरही होते आणि प्रबंधातही. गोदी कामगार ज्याला घरपट्टी म्हणत होता, अभ्यासक त्याला सार्वजनिक वित्त म्हणत होता.

आता दुसरी बाजू. ती ऐकली नाही तर आपण इतिहास ऐकला नाही, फक्त पोवाडा ऐकला.

पॉप्लरवर टीका करणारे सगळे श्रीमंत नव्हते. हर्बर्ट मॉरिसन हे मजूर पक्षाचेच, लंडनमधले त्या पक्षाचे सचिव आणि हॅकनेचे महापौर. त्यांचं म्हणणं होतं, की आपण कायदा मोडला तर उद्या दुसऱ्यांनी मोडला तेव्हा आपण काय बोलणार? मजूर पक्षाला राज्य चालवता येतं हे लोकांना पटवायचं असेल तर नियमाने चालून दाखवलं पाहिजे. दुसरा आक्षेप त्याहून टोकदार होता. पूर्वी मदत घेणाऱ्याला मत नव्हतं, आता मदत घेणाराच मदत देणाऱ्याला निवडतो. मग नगरसेवक दुसऱ्याच्या पैशाने मतं विकत घेत नाहीत कशावरून? पॉप्लरिझम असा एक शब्दच इंग्रजीत रूढ झाला, आणि विरोधकांच्या तोंडी तो उधळपट्टीला शिवी म्हणून असायचा.

या आक्षेपाला उत्तर आहे, पण ते पूर्ण नाही. उत्तर असं, की घरपट्टी भरणारा मालकसुद्धा स्वतःची घरपट्टी कमी ठेवणाऱ्यालाच निवडत होता, त्याच्यावर कुणी असा आरोप केला नाही. आणि अपूर्ण का, तर नगरसेवकाच्या हातातला पैसा त्याला मत न देणाऱ्यांचाही असतो, हे खरंच आहे. मजूर पक्षाच्या सगळ्याच नगरसेवकांना या लढ्याचा फायदा झाला असंही नाही. १९२२ च्या बरो निवडणुकांत लंडनभर पक्षाने निम्म्याहून अधिक जागा गमावल्या. पॉप्लरने मात्र आपली मजूर परिषद कायम ठेवली. म्हणजे १९१९ ला ज्या कौलाबद्दल शंका घेता येत होती, त्यावर तुरुंगवासानंतर मतदारांनी पुन्हा सही केली.

तरीही शेवटचा शब्द मतदारांना मिळाला नाही. १९२१–२२ मध्ये महागाई झपाट्याने उतरली, इतरत्र पगार कापले गेले, पण पॉप्लरने चार पौंड तसेच ठेवले. सरकारी लेखापरीक्षकाने त्यातली पाच हजार पौंडांची रक्कम अवाजवी ठरवून ती नगरसेवकांच्या अंगावर टाकली. प्रकरण वर-वर जात १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं, आणि पॉप्लर हरलं. कायद्यात परिषदेने योग्य वाटेल तो पगार द्यावा असे शब्द होते. न्यायाधीश म्हणाले, योग्य वाटेल याचा अर्थ वाजवी असलं पाहिजे. त्यातल्या एकांनी तर समाजवादी परोपकार आणि वेतनात स्त्री-पुरुष समानता आणण्याची महत्त्वाकांक्षा यांवर ताशेरे मारले. ज्या समान पगारासाठी लोकांनी मत दिलं होतं तोच न्यायालयाला अवाजवी वाटला. नगरसेवक कुणाला बांधील? मत देणाऱ्याला, की वाजवीपणाच्या कसोटीला? आणि ती कसोटी ठरवणार कोण? हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात, कारण हा प्रश्न मिटलेला नाही.

या सगळ्याची किंमतही कुणीतरी मोजली. मिनी लॅन्सबरी, जॉर्ज लॅन्सबरींची सून, पूर्वी शिक्षिका, युद्धात नवरा गमावलेल्या बायकांच्या निवृत्तिवेतनासाठी झटलेल्या. त्या हॉलोवेच्या तुरुंगात सहा आठवडे होत्या. सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १९२२ ला, न्यूमोनियाने त्या गेल्या. वय ३२. बो रोडवर त्यांच्या नावाचं एक घड्याळ आहे.

१९६५ मध्ये पॉप्लर बरो राहिला नाही. स्टेप्नी आणि बेथ्नल ग्रीनसोबत तो टॉवर हॅम्लेट्स या नव्या बरोत मिसळला. त्याच्या गोद्याही पुढे बंद पडल्या, आणि वेस्ट इंडिया डॉकच्या जागी आज कॅनरी व्हार्फच्या बँकांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत.

तर मंडळी, ४२ पैकी ३९ हा आकडा एका संध्याकाळचा. पण त्याचा अर्थ तीन जागी शोधावा लागला. मतदारयादीत, कारण तिथे कळलं की नवे मतदार कोण. घरपट्टीच्या वहीत, कारण तिथे कळलं की गरिबीचा खर्च कुणाच्या माथी. आणि न्यायालयाच्या निकालपत्रात, कारण तिथे कळलं की निवडून आलेल्याचा हात कुठपर्यंत पोचतो. आपल्या वॉर्डाचा निकाल लागेल तेव्हा गुलाल जरूर उधळा. पण गुलाल झटकून झाल्यावर या तीन वह्या मागवा. यादीतून कोण सुटलं, पैसा कुठून येतो नि कुठे जातो, आणि आपल्या नगरसेवकाला खरोखर काय ठरवता येतं, एवढं विचारा. पॉप्लरच्या लोकांनी ते विचारलं, आणि अर्धी का होईना, उत्तरं मिळवली.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.